दोनच हाका

१ जानेवारी १९८५, मंगळवार. सकाळी साडेसहा.
नवी डायरी. डिझेलवाल्याने मामाला दिली, मामाने मला दिली. म्हणाला, मला रोज लिवण्यासारखा काय होत नाय. मला होतं.
संकल्प: संताप बंद. मानसशास्त्राची अठरा प्रकरणं १५ फेब्रुवारीच्या आत संपवणे. बकुळाला विचारणे. चौथा संकल्प लिहीत नाही. लिहिला की तो आठवतो.

त्याच दिवशी, दुपारी.
पुस्तक वाचनालयातून आणलं, बी.ए.चं आहे, जाडजूड. आमच्या वाडीतली बकुळा यंदा बारावीला. हायस्कूलच्या वरच्या मजल्यावर अकरावी-बारावी काढलीय तिथे. त्यांचे सर हौशी. सरकारी पुस्तक पातळ म्हणून नऊ मुलींना सरळ कॉलेजचंच मानसशास्त्र शिकवतात. मुली रडकुंडीला आल्यात. आता हायस्कूलात बसून कॉलेजचा विषय शिकणाऱ्या मुलीला कोण समजावणार? ज्याने कॉलेज पाहिलंय आणि ज्याच्याकडे वेळ आहे असा माणूस. अख्ख्या वाडीत तसा मी एकटा.
कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. सप्टेंबरात अकाउंटन्सीच्या सरांनी भर वर्गात विचारलं, काशीराम, लक्ष कुठे आहे? मी बाक उलटा केला आणि घरी आलो. कारण एवढंच. दुसरं काही कारण नाही.

३ जानेवारी, गुरुवार.
प्रकरण पहिलं, पाच पानं. मन म्हणजे काय हे अजून कोणालाच नक्की माहीत नाही असं लिहिलंय. मग अठरा प्रकरणं कशाला लिहिली?
दिवसभर मामाच्या बर्फाच्या कारखान्यात होतो. लाद्या बाहेर काढायच्या, फोडायच्या, होडीवाल्यांना द्यायच्या. तात्पुरतं आहे.

४ जानेवारी, शुक्रवार. दुपारी तीन.
चौथा संकल्प मोडला. लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
घरामागच्या गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, कोणीतरी माझ्या नावाने हाक मारतं. दोनदा. काशीरामऽ, काशीरामऽ. शेवटचा म लांबवून. असा म लांबवणारा सबंध बंदरात एकच होता, लवू. लवू माझा पहिलीपासूनचा मित्र. नारळी पुनवेनंतर नवव्या दिवशी होडीवरून पडला. तिसऱ्या दिवशी भाट्याच्या किनाऱ्याला लागला. तेव्हा हाक त्याची नाही. शास्त्रात ह्याला भास म्हणतात, प्रकरण पाचवं. मी पाचव्यावर पोचलो नाही म्हणून त्रास होतोय. रोज एक प्रकरण वाचलं तर मंगळवारपर्यंत बंद होईल.

६ जानेवारी, रविवार.
बकुळा स्वतःहून आली! आईकडे कोकमं मागायला, पण ते निमित्त. मला म्हणाली, काशीराम, माझ्या प्रॅक्टिकलला सब्जेक्ट पाहिजे. ज्याच्यावर प्रयोग करतात तो. होशील काय? म्हटलं, बघतो, वेळ असेल तर. ती म्हणाली, तुला वेळच हाय.
नऊ मुलींत प्रत्येकीला सब्जेक्ट पाहिजे. कोणी भावाला नेलं, कोणी मावशीला. हिने मला निवडलं. ह्याचा अर्थ काढायला पुस्तकाची गरज नाही.

८ जानेवारी, मंगळवार.
पाचवं प्रकरण वाचलं. हाक आली. सहाव्यात असेल उपाय.

१० जानेवारी, गुरुवार.
पहिला प्रयोग, बकुळाच्या पडवीत. प्रतिक्रियेला लागणारा वेळ. तिने वाटीवर चमचा वाजवायचा, तो ऐकला की मी पाटावर थाप मारायची. सरांचं स्टॉपवॉच तिच्या हातात. वीस वेळा. माझा वेळ तिच्या धाकट्या बहिणीपेक्षा जास्त आला. बहीण दुसरीत आहे. बकुळाने कारण विचारलं. मी सांगितलं, विचारी माणूस आवाज ऐकला की आधी आवाजाचा विचार करतो. तिने ते वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य तिच्या अक्षरात!
मग मान खाली घालूनच म्हणाली, आवाज ऐकूनपण थांबतोस म्हणजे. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बरं.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत.
बकुळाने तिळगूळ दिला. आमच्या सगळ्या घराला दिला, पण माझ्या हातावर ठेवताना जरा थांबली. अंदाजे दीड सेकंद. वॉच हवं होतं.
संध्याकाळी बाबल्याशी मारामारी. बाबल्या खलाशी, लवूच्याच होडीवरचा. बर्फ न्यायला आला आणि पाठीमागून ओरडला, काशीराम! मी वळलो नाही. परत ओरडला. मी हातातला बर्फाचा तुकडा भिरकावला. कानाला लागला त्याच्या. म्हणाला, मेल्या, मान्साला वळखतंस का नाय? तिसऱ्यांदा बोंबलायची वाट बघतंस काय? सगळे हसले. मामा नाही हसला.
संताप बंद करण्याचा संकल्प उद्यापासून नव्याने.

१५ जानेवारी.
इथे एक खुलासा करून ठेवतो, माझ्यापुरता. आमच्याकडे अंधारात कोणी नावाने हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. पहिल्या दोन कोणाच्याही असतात. तिसरी फक्त माणसाची. आईने हे दुधाबरोबर पाजलंय, मी काही शोधून काढलेलं नाही. त्या पहाटे लवूच्या होडीवर एक माणूस आजारी. तो मला न्यायला गडग्याशी आला आणि त्याने दोन हाका मारल्या. दोनच. मी तिसरीची वाट बघत राहिलो. ती आली नाही. तो गेला. दोन माणसांचं काम एकट्याने करताना दोरात पाय अडकला. ह्यात माझा दोष कुठे? नियम तो नियम. लवूच्या आईला, यमुनाबाईला, मी हेच सांगितलं, तेराव्याला, सगळ्यांसमोर. 
आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

१९ जानेवारी, शनिवार.
प्रकरण नववं, शिकणे. कुत्र्याला घंटा ऐकवून जेवण दिलं की पुढे नुसत्या घंटेने त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मग जेवण देणं बंद केलं की हळूहळू पाणीही बंद. उपाय सापडला! हाक आली की दुर्लक्ष करायचं. पंधरा दिवसांत मरेल.
मधली तीन प्रकरणं सोडली. त्यांत आकृत्या फार आहेत.

२२ जानेवारी.
दुर्लक्ष केलं. आज दुपारी कारखान्यातही आली. मशीनच्या आवाजात. तिथे गडगाच नाही.

२३ जानेवारी.
आईने माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही म्हणून घाबरली. म्हणते, बाबा, लवूचं काय मागायचं रवलाय का तुझ्याकडं, त्याला विचार. मी तिला सांगितलं, आई, ही अंधश्रद्धा. मला झालंय ते शास्त्रीय आहे.

२७ जानेवारी, रविवार.
माझा स्वतःचा प्रयोग. बकुळा म्हणाली होती की शब्दांची यादी वाचायची आणि समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा. जिथे उशीर लागतो तिथे आत काहीतरी दडलेलं असतं. मी म्हटलं, आधी मी तुझ्यावर करतो, तुला सराव होईल. ती हसली आणि तयार झाली.
समुद्र, मीठ. घर, केरसुणी. रात्र, दिवा. बर्फ, वितळतो. हे पाऊण सेकंदात. म्हणजे बर्फवाल्यासमोर वितळते! मित्र म्हटलं, आणि वॉच पळतच राहिलं. साडेपाच सेकंद. नंतर म्हणाली, नव्हता. मी म्हटलं, मित्रवर 'नव्हता' कसं? ती म्हणाली, पुढचा शब्द वाच.
साडेपाच सेकंद! दडलेलं जे काही आहे ते माझ्याबद्दल आहे, हे उघड आहे. मित्र म्हणजे मी, आणि नव्हता म्हणजे मी नुसता मित्र नव्हतो. निष्कर्ष पक्का. शुक्रवारी विचारणार.

१ फेब्रुवारी, शुक्रवार.
विचारलं नाही. तिच्या वडिलांना कट्ट्यावर बसलेलं पाहिलं. पालीचं स्थळ आलंय म्हणे तिला, मुलगा मुंबईत पोस्टात. हो-नाही प्रॅक्टिकल झाल्यावर सांगणार. म्हणजे मला प्रॅक्टिकलपर्यंत मुदत. १९ तारीख, मंगळवार.
पोस्टातला माणूस! लोकांची पत्रं वाटणार. त्याला मनातलं काय कळतंय.

३ फेब्रुवारी, रविवार.
प्रकरण बारावं, स्वतःला फसवण्याचे प्रकार. काय लिहिलंय! प्रत्येक प्रकाराला माणूस सापडला. आपली चूक दुसऱ्यावर ढकलणे: बाबल्या. कडू लागणाऱ्या गोष्टीला चांगलं कारण शोधणे: मामा. जे झालं ते झालंच नाही असं मानणे: आई. समासात पेन्सिलने नावं लिहिली. शेवटी मी माझं तपासलं, अगदी प्रामाणिकपणे, अर्धा तास. एकही लागू होत नाही.
भांडण कशावरून झालं ते आज आठवलं. लवू जेटीवर म्हणाला, बकुळा मला हो म्हणाली. मी त्याची कॉलर धरली. लवू थापाडा होता. मासा वीतभर मिळाला तरी हातभर सांगायचा.

८ फेब्रुवारी.
झोप नाही. पहाट झाली की जाग येते, मग तिसरी येते का ते ऐकत राहतो. येत नाही. आली असती तर ओ दिली असती. मी काय असा माणूस आहे?

११ फेब्रुवारी, सोमवार.
बकुळाला सरळ विचारलं, लवू तुला काही बोलला होता काय? म्हणाली, खूप बोललाय. तुझ्याबद्दलपण. मी विचारलं, काय? म्हणाली, डोकं गरम हाय, पण हाक मारली की येतो.
मी म्हटलं, दोनच मारल्या गो त्याने.
तिने वहीत खाली काहीतरी लिहिलं. विचारलं तर म्हणाली, प्रयोगाचा भाग हाय.

१५ फेब्रुवारी.
अठरा प्रकरणांची मुदत आज. बारा झाली, मधली सोडलेली धरून. उरलेली सहा विशेष महत्त्वाची नाहीत. त्यांतलं एक अपराधाच्या भावनेवर आहे, त्याचा आपल्याला उपयोग नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार.
उद्या प्रॅक्टिकल. पांढरा शर्ट इस्त्री केला. बाहेरगावचे परीक्षक येणार, आयत्या वेळी शब्दांची यादी देणार. बकुळा विचारणार आणि मी उत्तर देणार, परीक्षकांसमोर. मुलगी पाहायला येतात तशीच ही गोष्ट, फक्त उलटी. प्रॅक्टिकल संपलं की हायस्कूलच्या जिन्यात विचारायचं. वाक्य पाठ केलंय.

१९ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी एक.
जेवायच्या आधी लिहून टाकतो.
परीक्षक म्हातारे होते, सुपारी चघळत बसलेले. बकुळाने यादी उघडली. पहिले दहा शब्द ठीक. झाड, सावली. पाणी, तहान. मी जोरात होतो, परीक्षकांनी मान डोलावली. अकरावा शब्द, हाक.
 दोन म्हणायचं हे ठरलेलं. तोंडात दोनच होतं. स्टॉपवॉच टिकटिकत होतं आणि बकुळाने माझ्या डोळ्यांत पाहिलं. सहा महिन्यांत तिने असं पाहिलं नव्हतं. परीक्षक म्हणाले, बोला की. मी म्हणालो, तीन.
तिने वॉच दाबलं. एक्केचाळीस सेकंद.
प्रयोगाच्या शेवटी सब्जेक्टने आपल्या मनात काय चाललं होतं ते सांगायचं असतं, ते पेपरात लिहावं लागतं. परीक्षक म्हणाले, हाकवर तीन का? बकुळा पेन धरून तयार बसली. मी सांगितलं. तीन मारल्या. मी जागा होतो. पहिलीलाच आवाज ओळखला. आदल्या दिवसाचा राग होता. दुसरीला वाटलं, मारू दे. तिसरीला पांघरूण तोंडावर ओढलं.
तिने सगळं लिहिलं. एकही खाडाखोड नाही. परीक्षकांचं चघळणं थांबलं होतं. म्हणाले, एवढं पुरे.

तोच दिवस, संध्याकाळी.
जिन्यात मी वाक्य काढणार होतो. तीच बोलली. म्हणाली, मी त्या पहाटे नळावर पाणी भरत होते. तिन्ही ऐकल्या मी. तिसरीला तर लवू गडग्यावर चढला होता.
सहा महिने तिला माहीत होतं. मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? म्हणाली, तू बोलायचं होतं. वाटीवर चमचा वाजवला, शब्द वाचले, सगळं करून बघितलं. लोकांना सेकंद लागतात रे. तुला सहा महिने लागले.
मी म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, तू उठला नाहीस त्याचा राग नाय माझा. रागात मी असते तर मीपण उठले नसते. पण यमुनाकाकीला तू दोन सांगितलंस. ती अजून नळावर बायकांना सांगते, माझ्या पोराला धीर नव्हता गो. एक हाक आणखी मारलीन असतीन तर काशीराम गेला असता. सगळं मेलेल्या पोरावर घातलंन तिने. तुझ्यामुळं.
मग तिने डोळे पुसले. मला म्हणाली, लवूला मी हो म्हटलेलं. तो थापा मारायचा, पण ती थाप नव्हती.
पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं. आता आठवतही नाही.

२० फेब्रुवारी.
यमुनाबाईकडे उद्या जायचं. नक्की.

२१ फेब्रुवारी.
कारखान्यात मशीन बिघडलं. मी दुरुस्तीला थांबणं आवश्यक होतं. मशीन दुरुस्त करायला मिस्त्री आला होता, तरी.

२२ फेब्रुवारी.
आज शुक्रवार. शुक्रवारी कोणाच्या घरी असं सांगायला जाऊ नये असं वाटतं.

२४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी अकरा.
गेलो.
यमुनाबाई अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटत होती. मी पुस्तकातली तयारी करून गेलो होतो, माणसाचं मन कसं चालतं, रागात निर्णयशक्ती कशी जाते. बस म्हणाली नाही. मी उभ्यानेच म्हटलं, काकी, तीन मारल्या होत्या. पुढची तयारी विसरलो.
ती बोंबील उलटत राहिली. एक रांग पूर्ण केली. मला वाटलं ऐकू आलं नाही. परत सांगायला तोंड उघडलं तेव्हा म्हणाली, ऐकला रे मी, बहिरी नाय.
मग दुसरी रांग. मग विचारलंन, तिसरी मारलीन? नक्की? मी म्हटलं, नक्की. गडग्यावर चढून. तेव्हा ती खाली बसली. मला वाटलं आता शिव्या घालेल, मी त्यासाठी तयार होतो, मला त्या पाहिजे होत्या. ती म्हणाली, म्हणजे थांबला होता पोर माझा. मी उगाच त्याला बोलत होते.
रडली. पण माझ्यावर नाही. माझ्याकडे बघतही नव्हती. लवूशीच बोलत होती, हळू. थोड्या वेळाने मी अजून तिथेच आहे हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, बरा झाला सांगितलास. आता जा तू.

२६ फेब्रुवारी, मंगळवार.
बकुळाने पालीला हो कळवलं. आईने सांगितलं, भाजी निवडता निवडता. मी म्हटलं, मुलगा चांगला आहे, पोस्टात आहे. आई माझ्याकडे बघत राहिली.
पुस्तक वाचनालयात परत केलं. समासातली पेन्सिलची नावं खोडली. बाराव्या प्रकरणात सगळीकडे एकच नाव घालायला हवं होतं, पण पुस्तक सार्वजनिक आहे.

२८ फेब्रुवारी, गुरुवार.
हायस्कूलच्या सरांचा मामाला निरोप. बकुळाला वीसपैकी एकोणीस मार्क. परीक्षक म्हणाले म्हणे, असा सब्जेक्ट मिळायला नशीब लागतं. दोन मुलींची प्रॅक्टिकल राहिलीत, एकीचा मामा आला नाही, एकीची मावशी लाजून पळाली. तर त्या मुलाला पाठवाल का, उद्या सकाळी साडेनऊला?
मानसशास्त्रात माझं काहीतरी होणार हे मला जानेवारीतच वाटलं होतं.

१ मार्च, शुक्रवार.
दोघींतली दुसरी मुलगी संगमेश्वरची, इथे आत्याकडे राहते. बारीक, घाबरट. आधी सब्जेक्टची माहिती भरायची असते. नाव? सांगितलं. वय? एकवीस. शिक्षण? मी म्हटलं, कॉलेज. तिने विचारलं, कितवीपर्यंत, तेव्हा म्हटलं, अर्धं. जवळच्या मित्राचं नाव? म्हटलं, लवू. तिने लिहिलं. हल्ली भेटणं होतं का? मी म्हटलं, रोज.
ती इथली नव्हे. तिने तेही लिहिलं, सुबक अक्षरात, आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, झोप नीट लागते?
मी म्हटलं, लागते.